काशीला गेलेला विद्यार्थी

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संहितारूप मजकूर)



1916 सालच्या मार्च महिन्याच्या 25 तारखेला बडोद्याहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत काही मराठी विद्यार्थी बसले होते. ते इंटरमीजिएटच्या परीक्षेला निघाले होते. त्यांच्यातील विनायक नरहर भावे नावाचा साडेवीस वर्षांचा विद्यार्थी मुंबईला पोहोचलाच नाही. सुरत स्थानकावर तो उतरला आणि त्याने भुसावळमार्गे काशीची वाट धरली. परीक्षेला न जाता आपण दुसरीकडे जात आहोत, मात्र आपल्या हातून अनुचित असे काही घडणार नाही, अशा आशयाचे पत्र त्याने वडिलांना धाडले. पुढे हाच विद्यार्थी आचार्य विनोबा म्हणून देशाला ठाऊक झाला. परंतु त्या दिवशी सुरतेच्या फलाटावर उभा असलेला तरुण म्हणजे परीक्षा बुडवून घर सोडलेला एक मुलगा होता, आणि त्याचे पुढे काय होणार हे त्यालाही माहीत नव्हते, ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. थोरांची चरित्रे शेवटाकडून वाचण्याची आपल्याला सवय लागली आहे. त्यामुळे त्यांच्या आरंभीच्या पावलांतील धोका आपल्याला जाणवत नाही.

घर सोडण्यापूर्वी त्याने आणखी एक गोष्ट केली होती. स्वयंपाकघरात आई चुलीपाशी बसली असताना त्याने शाळेची आणि महाविद्यालयाची प्रशस्तिपत्रे एकेक करून चुलीत घातली. आईने विचारले. आता त्यांचा उपयोग नाही, असे मुलाने सांगितले. उपयोग नसला तरी घरात राहू देण्यात काय बिघडते, हा आईचा प्रश्न होता, आणि तो कोणत्याही आईने विचारला असता. एकदा ठरल्यावर परतीची सोय मागे ठेवायची नाही, असे मुलाचे म्हणणे पडले. या प्रसंगाचे कौतुक पुष्कळांनी केले आहे. ज्या घरात हा प्रसंग घडतो, त्या घरावर काय बेतते, हे मात्र फारसे कोणी लिहीत नाही.

हा विद्यार्थी काशीला कशासाठी गेला? त्याच्या मनात ब्रह्मजिज्ञासा होती. हा शब्द आज आपल्याला जड वाटतो. बादरायणांच्या ब्रह्मसूत्रांचा आरंभच या जिज्ञासेने होतो. जे एकदा जाणले असता जाणायचे काही उरत नाही, ते जाणण्याची इच्छा, असा तिचा साधा अर्थ. त्यामागचा प्रश्न तितकाच साधा आहे, आणि तो इथे बसलेल्या दहावीच्या मुलामुलींनाही पडतो. हे सगळे करायचे ते कशासाठी? परीक्षा झाली की नोकरी, नोकरी लागली की संसार, संसार झाला की पुढच्या पिढीची परीक्षा. या साखळीचे दुसरे टोक कुठे बांधलेले आहे? बहुतेकांना हा प्रश्न पडतो आणि विरून जातो. काहींना तो पडतो आणि मग झोपू देत नाही.

वेदान्त हा शब्द ऐकला की संसार मिथ्या आहे एवढेच सूत्र आपल्याकडे आठवते, आणि ते आठवणारे बहुधा पेन्शन घेतलेले असतात. वास्तविक उपनिषदांतील प्रश्न विचारणारी माणसे तरुण आहेत. कठोपनिषदातील नचिकेता तर कुमार आहे. यमाने त्याला दीर्घायुष्य, हत्ती, घोडे, सोने, राज्य असे सारे देऊ केले. ते घेऊन तो परत गेला असता तर उपनिषद तिथेच संपले असते. श्रेय आणि प्रेय हा भेद तिथे येतो. आवडणारे एक, हितकारक दुसरे. दोन्ही माणसासमोर येऊन उभी राहतात, आणि निवड त्याला करावी लागते. बृहदारण्यकातील मैत्रेयीही अशीच. घर सोडून निघालेले याज्ञवल्क्य संपत्तीची वाटणी करू लागतात, तेव्हा सगळी पृथ्वी धनाने भरून मिळाली तरी मी त्याने अमर होईन काय, असे ती विचारते. याज्ञवल्क्य प्रामाणिकपणे नाही म्हणतात. श्रीमंतांचे आयुष्य जसे असते तसे तुझे होईल, एवढेच.

आनंदाचा विचार तैत्तिरीय उपनिषदात फार गमतीदार रीतीने केला आहे. तिथे आनंदाचे मोजमापच काढले आहे. तरुण, सदाचारी, विद्वान, धट्टाकट्टा असा माणूस घ्यावा आणि धनधान्याने भरलेली सगळी पृथ्वी त्याची करावी. त्याचा जो आनंद तो माणसाच्या आनंदाचा एक परिमाण. मग त्याच्या शंभरपट गंधर्वांचा, त्याच्या शंभरपट पुढच्यांचा, असे करीत हे गणित देवांपर्यंत, इंद्रापर्यंत, प्रजापतीपर्यंत आणि ब्रह्मापर्यंत चढत जाते. यात नुसती अतिशयोक्ती असती तर ती सोडून देता आली असती. परंतु माणसाच्या पायरीच्या वरच्या प्रत्येक पायरीवर एक छोटा शेरा मारलेला आहे. ज्याला वेदज्ञान आहे आणि ज्याला कामनेने पछाडलेले नाही, त्यालाही तितकाच आनंद. म्हणजे गंधर्वाला जे गंधर्वलोकात मिळते, ते निरिच्छ माणसाला आपल्या ओसरीवर मिळते. इंद्राला इंद्रपद सांभाळून जे मिळते, तेही. हिशेब चढत जातो आणि त्या माणसाला कुठेही जावे लागत नाही. आनंद वस्तूत नाही, हे प्रवचनकार नेहमी सांगतात. उपनिषदाने तो गणिताने सांगितला आहे, आणि गणिताच्या शिक्षकांनी हा उतारा वर्गात जरूर सांगावा.

आता काशीकडे वळू.

मराठी माणसाला काशी परकी नाही. पैठणचे भट्ट घराणे सोळाव्या शतकात तिथे स्थायिक झाले. त्यांतील नारायण भट्टांचे नाव विश्वनाथ मंदिराच्या उभारणीशी जोडलेले आहे, आणि याच घराण्यातील गागाभट्ट 1674 साली शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकासाठी रायगडावर आले. एकनाथ महाराजांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली टीका 1573 साली काशीतच पूर्ण केली. संस्कृतातील ज्ञान प्राकृतात आणले म्हणून काशीच्या पंडितांचा रोष नाथांना सोसावा लागला, आणि अखेरीस त्याच नगरीत ग्रंथाचा सन्मान झाला, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. सध्याचे विश्वनाथाचे मंदिर अठराव्या शतकात अहल्याबाई होळकरांनी बांधविले. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या भागांत मराठी कुटुंबांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या होती. मराठी दात्यांनी चालविलेली अन्नछत्रे होती आणि गरीब विद्यार्थ्याला त्यांचा आधार होता. म्हणून बडोद्याचा मुलगा घर सोडून काशीला गेला यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. वाट मळलेली होती.

विनायकाच्या मनात मात्र काशी हा मुक्काम नव्हता. त्याला दोन दिशा खुणावत होत्या. एक हिमालयाची, जिथे एकान्तात साधना करावी. दुसरी बंगालची, जिथे त्या वेळी क्रांतिकारकांचे अग्निहोत्र चालू होते. दोन्ही दिशांना जाणारी वाट काशीवरून जाते, एवढाच भूगोल. या दोन ओढी एकाच मनात कशा नांदत होत्या, याचे आश्चर्य ज्याला वाटत असेल त्याने आपले वीस वर्षांचे वय आठवून पाहावे.

काशीतला त्याचा दिनक्रम त्याने पुढे स्वतः सांगितला आहे. बेडेकर नावाचा मित्र बरोबर होता. अन्नछत्रात दिवसातून एकदा जेवण मिळे आणि वर दोन पैसे दक्षिणा. त्या दोन पैशांत संध्याकाळचे भागे. एका पैशाची रताळी आणि एका पैशाचे दही. खोलीचे भाडे निघावे म्हणून त्याने एका खासगी शाळेत इंग्रजी शिकविण्याचे काम धरले. किती वेतन हवे असे विचारल्यावर त्याने महिना दोन रुपये मागितले. जेवण छत्रात होते, खोलीला दोन रुपये पुरत होते; अधिक कशाला, असा हिशेब. त्याचे इंग्रजी तिथल्या शिक्षकापेक्षा चांगले होते आणि मागणी कितीतरी कमी, हे पाहून समोरचा माणूस चकित झाला असल्यास नवल नाही. दिवसाचा बराच वेळ वाचनात जाई आणि संध्याकाळ गंगेच्या काठी.

ब्रह्म शोधायला निघालेल्या माणसाने रताळ्यांचा हिशेब ठेवावा, हे काहींना विसंगत वाटेल. तैत्तिरीयातच भृगूची गोष्ट आहे. भृगू पित्याकडे जातो आणि ब्रह्म काय ते मला शिकवा म्हणतो. पिता उत्तर देत नाही. एक खूण सांगतो आणि तप करून स्वतः शोध म्हणून परत पाठवितो. मुलगा तप करून येतो तेव्हा त्याचे पहिले उत्तर असते, अन्न. पिता पुन्हा पाठवितो. मग प्राण, मग मन, मग विज्ञान आणि शेवटी आनंद. यात दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पित्याने एकही उत्तर चूक म्हणून खोडले नाही. प्रत्येक वेळी पुन्हा तप कर, एवढेच म्हटले. आणि आनंदापर्यंत पोहोचल्यावर ते प्रकरण संपत नाही. ते पुन्हा अन्नाकडे वळते आणि अन्नाची निंदा करू नये, अन्न पुष्कळ करावे, आलेल्याला परत पाठवू नये, असे व्रत सांगते. शिखरावर चढून गेलेला मनुष्य पुन्हा स्वयंपाकघरात येतो. विनोबांच्या पुढील आयुष्याचा नकाशा या एका प्रकरणात सापडतो, असे म्हटले तर ते फारसे चुकणार नाही.

काशीत एका पंडिताकडे जाऊन विनायकाने संस्कृत शिकायला किती काळ लागेल असे विचारले. बारा वर्षे, असे उत्तर आले. इतका वेळ आपल्यापाशी नाही, दोन महिने आहेत, असे विनायकाने सांगितले, तेव्हा पंडितांनी त्याच्याकडे पाहतच राहावे हे ओघानेच आले. आजच्या क्रॅश कोर्सच्या जमान्यात हे वाचताना हसू येते. फरक इतकाच, की या मुलाने त्यानंतर सबंध आयुष्य त्या अभ्यासाला दिले.

एक प्रसंग कुलपाचा आहे. त्याला एक लहानसे कुलूप हवे होते. दुकानदाराने मूळ किमतीच्या कितीतरी पट दाम सांगितला. विनायकाने घासाघीस केली नाही. या कुलपाची किंमत इतकी नाही, पण तुम्ही सांगता म्हणून त्यावर विश्वास ठेवून देतो, असे म्हणून त्याने पैसे मोजले. जाण्यायेण्याची वाट त्याच दुकानावरून होती. काही दिवसांनी दुकानदाराने त्याला हाक मारली आणि जास्तीचे पैसे परत केले. या गोष्टीवरून नेहमी असेच होते असा निष्कर्ष कोणी काढू नये. काशीचे दुकानदारही काढू देणार नाहीत. परंतु समोरच्यात आपल्यासारखेच काही आहे, हे वाचलेले तत्त्व बाजारात चालवून पाहावे, असे त्या मुलाला वाटले, हे महत्त्वाचे.

दुसरा प्रसंग घाटावरचा. तिथे पंडितांचे वाद रंगत. एकदा द्वैत आणि अद्वैत यांवर चर्चा झाली आणि अध्यक्षांनी अद्वैताचा जय झाल्याचे जाहीर केले. विनायक उठला आणि बोलण्याची परवानगी मागून म्हणाला, की येथे अद्वैताचा पराभव झालेला आहे. लोक पाहू लागले. त्याचे म्हणणे असे, की जो खरोखर अद्वैती आहे तो वादाला उभाच कसा राहील? वाद करायला समोर दुसरा लागतो, आणि दुसरा मानला की द्वैत आधीच जिंकले. यातील तर्काला विद्वानांकडे उत्तर असेलच. व्यवहारदशा आणि परमार्थदशा हा भेद शंकराचार्यांनी त्यासाठीच केलेला आहे. तरीही मुलाने बोट ठेवले ते जागी ठेवले. अद्वैत जिंकायचे असते ते कोणावर?

याच काशीत शंकराचार्यांविषयी एक कथा सांगितली जाते. आचार्य शिष्यांसह गंगास्नानाला निघाले असता वाटेत चांडाळ आडवा आला. बाजूला हो, असे त्याला सांगण्यात आले. त्यावर त्याने विचारले, कोणाला कोणापासून दूर करता? देहाला देहापासून म्हणाल तर दोन्ही अन्नाचेच बनलेले. आत्म्याला म्हणाल तर तो एकच, असे तुम्हीच शिकविता. आचार्य थबकले, आणि ज्याला ही एकता कळली तो चांडाळ असो वा द्विज, तो माझा गुरू, अशी कबुली त्यांनी दिली. मनीषापंचक या स्तोत्राची उत्पत्ती परंपरा अशी सांगते. ही कथा कीर्तनात हमखास रंगते. मात्र ज्या नगरीत ती शतकानुशतके सांगितली गेली, त्याच नगरीत अस्पृश्य मानलेल्यांना मंदिराची दारे विसाव्या शतकापर्यंत बंद होती. तत्त्वज्ञान आपल्याकडे कमी पडले नाही. ते तोंडी राहिले.

विनायक गंगेकाठी बसून कविता लिहीत असे. बडोद्यास असताना मनासारखी कविता झाली की तो ती अग्नीला अर्पण करी. इथे ती गंगेत सोडू लागला. साहित्याच्या अभ्यासकांना यात नुकसान दिसेल, आणि ते आहेच. त्याला ज्या दिवशी कविता चांगली साधली असे वाटे त्याच दिवशी ती जाई. वाईट कविता कदाचित उशाशी राहत असतील. फळाची आसक्ती सोडणे म्हणजे काय याचा तो तरुण असा अभ्यास करीत होता.

मग बेडेकर आजारी पडला आणि त्यातून उठला नाही. परक्या गावात, घर सोडून आलेल्या दोन तरुणांपैकी एकाचा मृत्यू. अंत्यविधी कोण करणार हा प्रश्न पडला, आणि मित्रानेच तो करावा अशी मरणाऱ्याची इच्छा होती. विनायकाने गंगेच्या तीरावर स्वतः मंत्र म्हणून मित्राला अग्नी दिला. काशीत मरण येणे म्हणजे मुक्ती, असे आपल्याकडे मानतात. विशीतला मित्र गेल्यावर त्या समजुतीने किती धीर येतो, हे ज्याच्यावर वेळ आली तोच जाणे. या मृत्यूबद्दल विनोबांनी फारसे लिहिलेले नाही. मृत्यूच्या दारी गेलेल्या नचिकेत्याचे उपनिषद वाचणे वेगळे आणि मणिकर्णिकेच्या गावात हे भोगणे वेगळे, एवढे तरी म्हणता येईल.

काशीने त्याला आणखी एक गोष्ट दिली, आणि ती पंडितांकडून आलेली नव्हती. फेब्रुवारी 1916 मध्ये हिंदू विश्वविद्यालयाच्या पायाभरणीच्या समारंभात गांधीजींचे भाषण झाले होते. व्यासपीठावर राजेमहाराजे रत्नालंकार घालून बसलेले. त्यांच्यादेखत गांधीजी दागिन्यांवर बोलले, विश्वनाथाच्या गल्लीतील घाणीवर बोलले, आपल्याच देशात इंग्रजीत बोलावे लागते याची शरम बोलून दाखविली, आणि हिंसेच्या मार्गाने जाणाऱ्यांविषयीही निर्भयपणे बोलले. अ‍ॅनी बेझंट यांनी मध्येच हरकत घेतली आणि सभा विस्कटली. विनायक काशीत आला तेव्हा नगरीत त्या भाषणाची चर्चा अजून चालू होती. वर्तमानपत्रातील वृत्तान्त त्याने वाचला. अहिंसा आणि निर्भयता यांची सांगड त्याला नवी वाटली. शंका सुचल्या, त्या त्याने पत्राने कळविल्या. उत्तर आले. पुन्हा शंका कळविल्या. या वेळी पोस्टकार्ड आले. अशा प्रश्नांची उत्तरे पत्राने मिळत नाहीत, ती जगण्यातून मिळतात, तेव्हा आश्रमात येऊन पाहा, असा त्याचा मतलब होता. आश्रमाचे नियमही सोबत पाठविले होते.

भृगूच्या पित्याने दिलेले उत्तर हेच नव्हते काय?

7 जून 1916 रोजी अहमदाबादजवळ कोचरब येथील आश्रमात विनायक गांधीजींपुढे उभा राहिला. गांधीजी स्वयंपाकघरात भाजी चिरीत होते. त्यांनी पाहुण्याच्या हातातही सुरी दिली. भाजी चिरण्याचा त्याला सराव नव्हता. तो चिरू लागला. ब्रह्मजिज्ञासेने निघालेला मुलगा काशीमार्गे स्वयंपाकघरात पोहोचला. हिमालयाची शांती आणि बंगालची क्रांती, दोन्ही मला तिथे एकत्र सापडली, असे विनोबा पुढे सांगत. विनोबा हे नावही आश्रमातच पडले.

यापुढचे चरित्र बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून ते विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. दोनतीन गोष्टी मात्र विषयाला धरून आहेत. काशीत अपुरा राहिलेला वेदान्ताचा अभ्यास त्यांनी वाईला केला. 1917 मध्ये गांधीजींकडून एका वर्षाची रजा घेऊन ते प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी गेले. हे मराठेशास्त्री म्हणजे पुढचे स्वामी केवलानंद सरस्वती. उपनिषदे, गीता, शांकरभाष्यासह ब्रह्मसूत्रे, पातंजल योग असे अध्ययन झाले. त्याबरोबर व्यायाम, गीतेचे वर्ग, आणि विद्यार्थ्यांना घेऊन जात्यावर दळण दळून मिळालेल्या पैशांतून वाचनालय. अभ्यास संपवून ते पाच जिल्ह्यांत पायी हिंडले आणि वर्ष पुरे झाले त्याच दिवशी आश्रमात परत हजर झाले. ग्रंथालयासाठी अनुदानाचा अर्ज करण्याआधी आपल्याकडच्या मंडळींनी त्या जात्याची आठवण ठेवायला हरकत नाही.

1932 साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी 21 फेब्रुवारीपासून दर रविवारी गीतेवर बोलायला आरंभ केला. अठरा आठवड्यांत अठरा अध्याय झाले; 19 जूनला शेवटचे प्रवचन. ऐकायला राजकीय बंदी होते. साने गुरुजी समोर बसून लिहून घेत होते, म्हणून ती प्रवचने आज आपल्याला मिळतात. तुरुंगात सुख ते कसले? पण बाहेरून सगळे काढून घेतले असता आत काय उरते, हे पाहण्याची ती नामी जागा होती. कर्म, विकर्म आणि अकर्म यांची जी फोड विनोबांनी तिथे केली, ती समजायला तर्कशास्त्र लागत नाही. बाहेरचे काम ते कर्म. त्या कामात चित्त ओतणे ते विकर्म. आणि दोन्ही मिळाली की कामाचे ओझे नाहीसे होते, ते अकर्म. आई मुलाच्या पाठीवरून हात फिरवते, त्यात श्रम मोजायचे म्हटले तर आहेत, आणि आईला विचाराल तर नाहीत. जीवनाचे प्रयोजन वेगळे शोधून काढावे आणि मग ते जगायला घ्यावे, असा क्रम त्यांच्या शिकवणुकीत नाही. समोर आलेले काम धरावे. त्यात चित्त उतरू लागले की प्रयोजन आणि आनंद यांची ओळख तिथेच होते. याच धोरणाने त्यांनी पुढे आठ आठ तास सूत कातले, आणि 1946 नंतर पवनारजवळच्या सुरगावात हाती फावडे घेऊन रोज भंगीकाम केले. चांडाळाची ती काशीतील कथा ज्याने कीर्तनापुरती ठेवली नाही, असा हा माणूस.

1951 च्या भूदानात हजारो मैलांची पायपीट झाली. मिळालेल्या जमिनीतील बरीच नापीक निघाली, बरीच वाटलीही गेली नाही, हे आता लपलेले नाही. त्यांची काही राजकीय वक्तव्ये त्यांच्या चाहत्यांनाही पटली नाहीत. वेदान्ती माणूस चुकत नाही असे समजणे हा वेदान्ताचाही अपमान आहे.

आणि मुख्य खटकणारी गोष्ट आईची. रुक्मिणीबाई फार शिकलेल्या नव्हत्या. विनोबा बडोद्यास शिकत असताना त्या गीतेच्या प्रवचनाला जात. संस्कृत गीता कळत नाही, मराठीतली आणून दे, असे त्यांनी मुलाला सांगितले. त्याने वामनपंडितांची समश्लोकी आणून दिली. तीही त्यांना अवघड गेली. मग सोपी तूच का लिहीत नाहीस, असे त्या म्हणाल्या. मुलगा तेव्हा विद्यार्थी होता. त्यानंतर तो घर सोडून गेला. 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत घरातली माणसे अंथरुणाला खिळल्याचे कळले, तेव्हा तो आला, शुश्रूषा केली. 24 ऑक्टोबर 1918 रोजी आई गेली. अंत्यविधी भटजींकरवी व्हायचा होता. तो आपण स्वतः करावा अशी विनोबांची धारणा होती. घरच्यांना ते मानवले नाही, तेव्हा ते स्मशानात गेले नाहीत. स्नान करून घरीच वेदाध्ययन करीत बसले. गंगेच्या तीरावर मित्राला स्वहस्ते अग्नी देणारा मुलगा आईच्या वेळी घरी बसला. तत्त्वनिष्ठा म्हणून हे समजून घेता येते. मनाला ते आजही बोचते, आणि बोचू द्यावे.

इथे बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी कोणाला उद्या सुरतेला उतरावेसे वाटले, तर त्याने हेही ध्यानी घ्यावे. आणि ज्या पालकांच्या घरात असा मुलगा किंवा मुलगी असेल त्यांनी नरहरपंत आणि रुक्मिणीबाई यांची आठवण ठेवावी. त्यांच्या मागच्या दोन मुलांनीही, बाळकोबा आणि शिवबा यांनी, तीच वाट धरली. या तिघांपैकी कोणी संसार केला नाही. त्या घराने काय दिले याची नोंद कोणत्या हिशेबात करायची?

7 ऑक्टोबर 1930 रोजी पहाटे पाच वाजता वर्ध्यास विनोबांनी गीतेचे मराठी श्लोक लिहायला घेतले. चार महिने ते काम चालले. शब्द सोपे हवेत, आईला कळतील असे, हीच कसोटी होती. 6 फेब्रुवारी 1931 रोजी लेखन पुरे झाले. नाव ठेवले गीताई. मागणी करणारी बाई जाऊन तेव्हा बारा वर्षे होऊन गेली होती.